विचारा बिनधास्त : वेचणीचे दिवस आणि घरचा रगाडा

या महिन्यात आलेले मेसेज पाहिले तर निम्म्याहून जास्त रात्री दहाच्या पुढचे नाहीतर पहाटे चारचे आहेत. म्हणजे कापूस वेचणी जोरात आहे आणि मोबाईल हातात घ्यायला तुम्हाला तेवढाच टाईम सापडतो. काही जणींनी बोलून पाठवलं, ते जवळपास तसंच ठेवलंय, फक्त थोडं आटोपशीर केलं. नाव कोणाचंच छापत नाही, तालुका तेवढा राहू दिला. केस वाढवायचे नि वांगाचे डाग घालवायचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, त्यावरून रागावू नका बायांनो.

प्रश्न : काकू, मी रोज वेचणीले जाते. ऑटो साडेसातले येते अन् कोनासाठी थांबत नाही. पोरगा सहावीत हाय, पोरगी तिसरीत, दोघंबी जिल्हा परिषदच्या शाळेत. सकाळी पानी, सडा, झाडलोट, भाकरी, भाजी, तिघाइचे डबे, धुणं, भांडे. रोज पळत सुटते अन् रोज कायतरी राहूनच जाते. मालक (नवरा) म्हणते का अजून लवकर उठत जाय. चारले तर उठते, आता काय रातभर जागू? (आर्णी, यवतमाळ)

उत्तर : ताई, चारच्या आधी उठायचं नाही, हे पहिले. वेचणीची मजुरी किलोवर असते, झोप झाली नाही तर दुपारनंतर हात चालत नाही, म्हणजे पहाटे वाचवलेला अर्धा तास संध्याकाळी काट्यावर कमी भरतोच. मालकांना हेच ऐकवा. 'मला आराम पाहिजे' म्हटलं तर घरात कोणी मान वर करत नाही, पण 'आज तीन किलो कमी भरला' म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

आता तुमची यादी. तिच्यातलं अर्धं काम रोज करायचं नाहीच आहे. सडा-सारवण वेचणी संपेपर्यंत फक्त बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी तसंही कामाला सुट्टी असते. रोज अंगण झाडलं तरी पुष्कळ झालं. धुणं पण तसंच, वावरात साडीवरून जो जुना शर्ट घालता तो रोज धुवायचा नसतो, झटकून दोरीवर टाका, दोन-तीन दिवसांनी धुवा. लेकरांच्या शाळेचे कपडे आठवड्यात दोनदा. कोणी नावं ठेवली तर ठेवू द्या, ती काय तुमच्याकडं भांडे घासायला येणार आहे?

डब्याचं तर मला समजलंच नाही. सरकारी शाळेत पहिली ते आठवीच्या लेकरांना दुपारचं जेवण शाळेतच मिळतं, तुमची दोघंही त्यात बसतात, मग सकाळी सहा वाजता पोळी-भाजीचा डबा कशासाठी? एकदा शाळेत जाऊन बघून या की खिचडी नीट मिळते का, पोट भरतं का. मिळत असेल तर सकाळी घरून खाऊन जाऊ द्या आणि छोट्या सुट्टीला खिशात फल्लीदाणे (शेंगदाणे) नि गूळ नाहीतर फुटाणे. एवढं पुरतं. आणि शाळेतलं जेवण बरोबर नसेल तर चार आयांनी मिळून मुख्याध्यापकांना विचारायचं, त्यावर उपाय म्हणून आपण घरी राबायचं नाही.

स्वयंपाकात माझा एकच नियम आहे, वेचणीच्या दिवसांत तवा दिवसातून एकदाच चढवायचा. सकाळी सगळ्यांच्या भाकरी एकदम करून घ्या, त्यातच तुमची शिदोरी. रात्री तवा नाही म्हणजे नाही, रात्री खिचडी, वरण-भात, नाहीतर वरणफळं. गव्हाची कणीक रात्री मळून ओलं फडकं टाकून झाकली तर या थंडीत खराब होत नाही, त्यामुळं पोळ्या करत असाल तर ते काम आदल्या रात्रीचं. ज्वारीचं पीठ मात्र रात्री भिजवू नका, भाकर थापताना तुटते, ते गरम पाण्यात ताजंच मळावं लागतं.

वरणफळं लेकरं आवडीनं खातात आणि एका गंजात सगळं जेवण होतं म्हणून जरा नीट सांगते. वरण नेहमीपेक्षा पातळ ठेवायचं, त्यात हळद-तिखट-मीठ, भेदरं (टमाटर) असलं तर एखादं. कणकेत थोडा ओवा नि मीठ. जाडसर पोळी लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे आणि वरणाला खळखळ उकळी आली की एकेक करत सोडायचे. सगळे एकदम टाकले तर त्याचा गोळा होतो आणि मधलं पीठ कच्चं राहतं. आठ-दहा मिनिटं मध्यम आचेवर, फळं वर आली की झालं. वरून लसणाची लालसर फोडणी नि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. लाटून तुकडे पाडायचं काम तुमची तिसरीतली पोरगी करू शकते, आकार वाकडा आला तरी पोटात सगळं सारखंच.

बाजाराच्या दिवशी जवसाची नि फल्लीची कोरडी चटणी करून ठेवा. जवस तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण पण कोरडाच परतून घ्यायचा म्हणजे चटणी पंधरा दिवस टिकते. ज्या दिवशी भाजी झाली नाही त्या दिवशी भाकर, चटणी, कांदा, काही बिघडत नाही.

राहिलं पाणी. ते मालकांनी भरायचं. ऑटो त्यांच्यासाठी येत नाही ना साडेसातला? आणि सहावीतला पोरगा आता लहान नाही, अंथरुणं घडी करणं, स्वतःचं ताट धुणं, अंगण झाडणं, यातली दोन कामं कायमची त्याची. कायमची म्हणजे रोज आठवण करून द्यायची नाही आणि त्यानं झाडल्यावर मागून आपण पुन्हा झाडायचं नाही. बाया इथंच चुकतात, एकदा मागून झाडू फिरवला की तो दुसऱ्या दिवशी झाडूकडं बघत पण नाही, त्याला समजून जातं की आई करतेच.

प्रश्न : नमस्कार काकू. माझं वय ३२. सतत थकल्यासारखं वाटतं, पायात गोळे येतात, पायऱ्या चढल्या की धाप लागते, भात टाकून बसले की बसल्याजागी डोळा लागतो. धानाची मळणी चालू आहे, घरी दोन लेकरं, सासू-सासरे. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी आम्ही बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत बांधीत उभ्या होतो, तुम्हा आजकालच्या पोरींमध्ये दमच नाही. मेडिकलमधून कोणतं टॉनिक घेऊ? (कुरखेडा, गडचिरोली)

उत्तर : टॉनिक घेऊ नको पोरी, पहिले रक्त तपास. उपकेंद्रात नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघून देतात, पैसे लागत नाहीत, आशाताईला सांगितलं तर ती सोबत पण येईल. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्त कमी आहे असं समजतात, पोटुशी बाई असली तर ११ च्या खाली. आपल्या राज्यात २०१९ ते २०२१ मध्ये जी मोठी सरकारी आरोग्य पाहणी झाली त्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी निघालं. म्हणजे दम नसणं हा काही तुझ्या पिढीचा दोष नाही, आणि सासूबाईंना पण सोबत ने, त्यांचं पण तपासून घे. बहुतेक त्यांचंही कमीच निघेल आणि मग ते 'आमच्या वेळी' जरा कमी होईल.

तू गडचिरोलीकडची आहेस म्हणून अजून एक, सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून लेकरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही करून घे. पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. तो असला तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, डॉक्टरांना वेगळं बघावं लागतं. नुसता वाहक असला तर रोजच्या जगण्यात सहसा त्रास नसतो, पण पुढं लेकरांच्या लग्नाच्या वेळी ते माहीत असलेलं बरं. पाळी जास्त जात असेल तर तेही नर्सबाईला लाजून न ठेवता सांग, कित्येकींचं रक्त तिथंच जातं आणि बाया टॉनिक पीत बसतात.

गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नको, दुधासोबत पण नको. जेवण झाल्यावर थोड्या वेळानं पाण्यासोबत, मळमळ होत असेल तर रात्री झोपताना. शौचास काळं होतं, घाबरायचं नाही, त्या गोळीनं होतंच. कितीतरी बाया तेवढ्यासाठी गोळ्या बंद करतात नि पत्रं कोठीवर पडून राहतात.

आता जेवणाचं. तू लिहिलं नाहीस पण मी सांगते तुझ्या घरी काय होतं. सासरे जेवतात, मग मालक, लेकरं, मग सासूबाई, आणि तू बसतेस तेव्हा गंजात भात भरपूर असतो नि भाजीचा नुसता रस्सा. मासोळी केली असली तर तुझ्या वाट्याला डोकं. वरून जेवण झालं की लगेच कपभर चहा, तो पोटातलं उरलंसुरलं लोह पण अंगी लागू देत नाही. चहा बंद कर असं म्हणत नाही, चहाशिवाय मळणी कोण करेल, पण जेवणाच्या तासभर आधी नि तासभर नंतर नको.

वाढतानाच स्वतःचं ताट आधी काढून झाकून ठेव. सगळ्यांच्या आधी जेवायला बसता येत नसेल तर नको बसू, पण वाटा आधी काढायचा. डाळ तळातून काढायची, भाजीच्या फोडी मोजून नाही पण बघून. घरात चुळबुळ झाली तर सांग, नर्सबाईनं सांगितलंय. नर्सबाई सांगतेच.

मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, चवळीची भाजी, लाखोरीची कोवळी पानं, बोडीतली मासोळी, कलेजी मिळाली तर कलेजी, यातलं जे तुमच्याकडं चालतं ते खा आणि वरून लिंबू पिळ. सध्या आवळे आहेत, एक आवळा मिठासोबत जेवताना खाल्ला तर भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. गुळानं रक्त वाढतं म्हणून वाटीभर गूळ खाणाऱ्या बाया मला माहीत आहेत, गुळात लोह असतं पण थोडंच, त्याच्या भरवशावर राहू नको.

प्रश्न : काकू आमच्याकडं खारं पाणी आहे. तुरीची डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी टणकच राहते, वरणात वर पाणी, खाली डाळ असं होतं. गॅस किती जळतो. कुकरला पांढरा थर बसतो, कपडे मळकट दिसतात. एक बाई म्हणाली पाणी उकळून तुरटी फिरवून वापरा. (दर्यापूर, अमरावती)

उत्तर : तुरटीनं गढूळ पाण्यातली माती खाली बसते, मीठ नाही. आणि खारं पाणी उकळलं तर वाफ उडते नि मीठ मागंच राहतं, म्हणजे अजून खारं. तो उद्योग बंद करा.

पूर्णेच्या खोऱ्यातला जो खारपाणपट्टा आहे, अमरावती, अकोला, बुलडाण्याचा, तिथल्या जमिनीतल्या पाण्यात क्षार भरपूर. त्यातले काही डाळीच्या गराला घट्ट करून ठेवतात म्हणून ती फुटत नाही, तुमच्या कुकरचा काही दोष नाही. नळाचं नाहीतर फिल्टरचं जे गोडं पाणी येतं त्यातलं डाळ-भात-चहा यासाठी वेगळं ठेवा, एका घराला एवढ्यासाठी घागरभर पुष्कळ होतं. आणि डाळ भिजवायची पण गोड्या पाण्यातच. बाया काय करतात, भिजवतात बोअरच्या पाण्यात आणि शिजवतात गोड्या पाण्यात, मग निम्मा फायदा तिथंच गेला.

तासभर भिजवा, शिजवताना हळद नि चमचाभर तेल टाका. चिंच, भेदरं, आंबाडी, हरभऱ्याची भाजी, जे काही आंबट असेल ते डाळ पूर्ण शिजल्यावरच, आधी टाकलं तर डाळ हटून बसते. मागच्या सालची जुनी डाळ असली तर तिला वेळ लागणारच, ती जास्त भिजवा. खायचा सोडा चिमूटभर टाकला तर डाळ फुटते हे खरं, पण त्यानं डाळीतलं जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून पाहुणे दारात उभे असले तरच.

कुकरच्या पांढऱ्या थराला पिळलेल्या लिंबाची सालं नाहीतर चिंचेचं पाणी टाकून उकळी द्या, निघतो. कपड्यांना वडीच्या साबणापेक्षा पावडर बरी, खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस न होता चिकट साय होते आणि तीच कपड्यात बसून मळकट दिसतं. शेवटचा एक खळबळा गोड्या पाण्याचा देता आला तर कपडे नि केस दोन्ही सुधारतील. घरात कोणाला बीपी असेल आणि पिण्याचं पाणी पण खारंच असेल तर भाजीतलं मीठ कमी करा, पाण्यातून आधीच चाललंय. पावसाळ्यात टिनाच्या छपराचं पाणी ड्रममध्ये धरता येतं, पहिला पाऊस वाहू द्यायचा, छप्पर धुऊन निघालं की मग धरायचं. डाळ त्या पाण्यात काय शिजते, बघाच.

प्रश्न : माझं घर कधीच आवरलेलं नसतं. कोणी आलं की लाज वाटते. मोबाईलवर बायांचे स्वयंपाकघर पाहते तर सगळं एकसारख्या बरण्यांत. (सेलू, वर्धा)

उत्तर : त्या बरण्यावाल्या बाईच्या घरात तुरीचं पोतं, फवारणीचा पंप नि बकरीचं पिल्लू नाही. बसायच्या जागेवरचं सामान उचला, पाणी द्या, चहा ठेवा. एवढ्यावर पाहुणा खूश नसेल तर तो परत न आलेला बरा.

प्रश्न : काकू, भाव नाही म्हणून कापूस समोरच्या खोलीत भरून ठेवलाय, छतापर्यंत. लेकरं त्याच्यावरच उड्या मारतात, तिथंच झोपतात. आता सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली आहे, पुरळ आलंय. यांना म्हटलं विकून टाका तर म्हणतात थांब जरा. (राळेगाव, यवतमाळ)

उत्तर : भाव कधी वाढेल ते मी सांगू शकत नाही, पण लेकरांना तिथून आजच्या आज हलवा. घरात साठवलेल्या कापसानं खाज सुटते हे आपल्याकडं नवीन नाही, थंडीत दवाखान्यात अशी लेकरं भरपूर येतात. झोपायची खोली आणि कापसाची खोली वेगळी पाहिजे. दुसरी खोली नसेल तर निदान ताडपत्रीनं सगळा ढीग झाकून काठ दाबून टाका आणि लेकरांची अंथरुणं दुसऱ्या टोकाला. त्यांची चादर-गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, संध्याकाळी कोमट पाण्यानं आंघोळ, पूर्ण बाह्यांचे कपडे. खाजेवर रॉकेल, फवारणीचं औषध, असलं काही लावू नका. लोक लावतात म्हणून लिहितेय.

एक बघा पण, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला बारीक पुरळ असेल आणि रात्री खाज जास्त होत असेल तर ती खरूज असू शकते, तिचा कापसाशी संबंध नाही. त्याला दवाखान्यातलं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. एकट्या लेकराला लावलं तर आठ दिवसांनी पुन्हा तेच.

आणि ताई, खाजेपेक्षा मला त्या खोलीतल्या बोर्डाची भीती वाटते. मोबाईल त्याच खोलीत चार्जिंगला लागत असेल, देवाचा दिवा नि उदबत्ती तिथंच, कोणी बिडी ओढत येऊन बसणारा. कापसाला ठिणगी लागली तर बादलीनं आवरत नाही. दिवा दुसरीकडं हलवा, त्या खोलीतली वायर उघडी असेल तर आधी ती नीट करून घ्या.

यांना पटवायचं असेल तर ओलाव्याचं सांगा. सीसीआयच्या (कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की पैसे कापतात आणि १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला कापूस ओल धरतो नि पिवळा पडतो. भाव वाढायची वाट पाहता पाहता मालाचा दर्जा उतरला तर थांबून काय मिळालं? निदान खाली फळ्या किंवा कोरडी ताडपत्री आणि भिंतीपासून हातभर जागा, एवढं तरी त्यांच्याकडून करवून घ्या.

प्रश्न : तुरीवर फवारणी चालू आहे. यांचे फवारणीचे कपडे मी सगळ्या कपड्यांसोबतच भिजवते. शेजारीण म्हणते असं करू नये. खरं का? (मानोरा, वाशिम)

उत्तर : शेजारीण बरोबर सांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते विष कपड्यात पण असतं आणि धुताना तुमच्या हातातून अंगात जातं.

फवारणीचा एक जोड ठरवून टाका, पूर्ण बाह्यांचा, दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. तो त्यांनी बाहेरच काढायचा, त्याच कपड्यात घरात येऊन लेकराला उचलायचं नाही. त्याच दिवशी धुवायचा, वेगळ्या बादलीत. आधी नुसत्या पाण्यातून एकदा काढून ते पाणी विहीर, हापशी, नाला यांच्यापासून लांब टाकायचं, मग पावडर, मग दोनदा खळबळायचा. हातात रबरी मोजे पाहिजेत. उन्हात वेगळ्या दोरीवर. औषध सांडून कपडा भिजलाच असेल तर धुवत बसू नका, तो लेकरांच्या हाती लागणार नाही असा पुरून टाका. तुम्ही पोटुशी असाल किंवा अंगावर पाजत असाल तर हे धुणं तुमचं नाहीच, ज्यानं घातले त्यानं धुवावे. खरं तर इतर वेळी पण त्यानंच धुवावे.

औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात तेल, पाणी, पीठ काहीही ठेवायचं नाही, कितीही मजबूत असले तरी. तुरीच्या कोठीत टाकायच्या ज्या विषारी गोळ्या मिळतात त्या घरात तर अजिबात नको, त्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. खायची तूर कडक उन्हात वाळवून, कोरड्या कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवा, मधून मधून पुन्हा ऊन दाखवा. डाळीला किंचित खायचं तेल चोळलं तरी भुंगा कमी लागतो.

फवारून आल्यावर माणसाला घाम सुटला, लाळ गळायला लागली, उलटी, अंधारी, हात थरथर असं झालं तर लिंबू-ताक पाजत घरी थांबायचं नाही. कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि औषधाचा डबा नाहीतर चिठ्ठी सोबत घेऊन सरळ दवाखाना. डॉक्टरांना नाव दिसलं की इलाज लवकर सुरू होतो.

प्रश्न : बाई, म्या आजी बोलतो. सून वावरात जाते, नातू माह्यापाशी असते, चौदा महिन्याचा. मोबाईल लावल्याबिगर घासच घेत नाही. सून म्हणते आई तुम्ही सवय लावली, म्या म्हणतो तूच लावली. रोज कटकट. लेकरू उपाशी ठेवू काय? (मेहकर, बुलडाणा)

उत्तर : आजी, नमस्कार. सवय कोणी लावली ते सोडून द्या, मोबाईलसमोर बसवलं की आपले हात मोकळे होतात म्हणून दोघींनी लावली असणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नाही. मोबाईल बघता बघता लेकरू नुसतं गिळतं, पोट भरलं का नाही ते त्याचं त्यालाच समजत नाही.

मधल्या वेळेत काय काय चालतं ते जरा बघा बरं. दहा वाजता चहात बिस्कीट, बारा वाजता कुरकुऱ्याचा पुडा, मग एक वाजता वरण-भात कसा जाईल? लेकराला चहा नको आणि पुडे घरात नको. दोन खाण्यांच्या मध्ये दोन-अडीच तास फक्त पाणी, नाहीतर आईचं दूध. भूक लागली की तोंड उघडतं. चार-पाच दिवस रडेल, ते दिवस सुनेला सांगून दोघींनी एकमतानं काढा, एकीनं नाही म्हणायचं नि दुसरीनं द्यायचा असं केलं तर लेकरू तुमच्या दोघींपेक्षा हुशार निघेल.

त्याला वेगळं भरवू नका, तुम्ही जेवता तेव्हा शेजारी बसवा, त्याचं छोटं ताट, त्यात मऊ भात, घट्ट वरण, वरून तेल नाहीतर तूप, कुस्करलेली भाकर दुधात. हातानं खाऊ द्या, अर्धं सांडेल, खाली जुनी साडी अंथरा. फल्लीदाणा, अख्खा फुटाणा, द्राक्ष असलं काही हातात देऊ नका, घशात अडकतं. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना जो घरपोच आहार मिळतो तो आणता का? आणून बकरीला घालणारी घरं पण मला माहीत आहेत. त्याची पातळ लापशी करून गूळ टाकून एक वेळ द्या.

आणि तुम्हाला पण दिवसभर एकटीनं लेकरू सांभाळणं झेपत नसेल, ते सुनेला भांडणात नाही तर शांतपणे सांगा. संध्याकाळी मुलगा घरी आला की तासभर नातू त्याच्याकडं, बाप आहे तो.

प्रश्न : वेचणीनं बोटं फाटली, भाकर थापताना गरम पाणी लागलं की जीव जाते. (वरुड, अमरावती)

उत्तर : बोंडाची वाळलेली टोकं सुरीसारखी लागतात. जुन्या बनियनच्या पट्ट्या अंगठ्याला नि पहिल्या दोन बोटांना गुंडाळून वर चिकटपट्टी लावा, कापूस धरता येतो आणि नखाजवळची जागा वाचते. रात्री भांडे झाल्यावर हात कोरडे करून व्हॅसलीन नाहीतर खोबरेल जाड लावायचं आणि जुने सुती पायमोजे हातात घालून झोपायचं, तीन-चार रात्रीत फरक पडतो. भेगेतून पू आला, बोट सुजून ठणकायला लागलं तर दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते नर्सबाईला विचारून घ्या. तोपर्यंत भाकरी घरात दुसरं कोणीतरी थापेल. येत नसतील तर भात खातील.